आईसाठी फोन आणताय? सिम घालून बघा

गेल्या गणपतीत मुलगी न्यू जर्सीहून आली ती माझ्यासाठी आयफोन घेऊनच. आमच्या गिरगावच्या चाळीत तो फोन हातोहात फिरला. दीड दिवसाचे गणपती गेले, तिची सुट्टी संपली. सिम घालायचं तेवढं राहिलं.

ठाकूरद्वारच्या दुकानातल्या मुलाने पिन हातात घेऊन फोनच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. म्हणाला, "मावशी, याला सिमचा ट्रेच नाही. अमेरिकेचा पीस आहे हा."

२०२२च्या आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमकार्डाची जागाच नसते, ई-सिम लागतं. ते इथल्या कंपन्याही देतात, म्हणून मी करून घेतलं. जुन्या फोनमधलं कार्ड लगेच बंद पडलं आणि नव्यात रेंज येईना. मुलीने फोन तिथल्या मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतला होता. हप्ते फिटेपर्यंत तो त्याच कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला, आणि ते कुलूप तीच कंपनी काढणार.

माझा नंबर मेला. गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात उभा, त्याला सांगायचा कोड येणार कुठे? यूपीआय सुरू करायलाही बँकेत दिलेल्या नंबरवरून त्याच फोनमधून एसएमएस जावा लागतो. शेवटी आधार दाखवून पुन्हा कार्ड घेतलं. सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद असतात, तोही एक दिवस गेला. एकट्या राहणाऱ्या बाईला हे दिवस फार जड जातात.

मुलांची माया मला कळते. तिथे फोन स्वस्त पडतो, हेही खरं. पहिला आयफोन अमेरिकेत जून २००७मध्ये आला आणि आपल्याकडे आयफोन मिळायला ऑगस्ट २००८ उजाडला. तेव्हा तिकडून आणण्यात अर्थ होता. आज आयफोन तमिळनाडूत तयार होऊन अमेरिकेला जातात. दादरच्या दुकानात घेतला तर बहुतेक मॉडेलांना ट्रे असतो, बिल असतं, आणि बिघडला तर वॉरंटी इथेच चालते. अनेक कंपन्या परदेशात घेतलेल्या फोनची वॉरंटी इथे मानत नाहीत.

तरी आणायचाच असेल, तर पूर्ण पैसे भरून अनलॉक्ड घ्या. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल', मग 'अबाउट' उघडा. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं तरच तो बॅगेत भरा. आणि आल्या दिवशीच आईशेजारी बसून ई-सिम करून घ्या. चोवीस तासांनी एसएमएस सुरू झाले की पुन्हा बसा, आणि त्या फोनवरून खालच्या फुलवाल्याला यूपीआयने दहा रुपये पोचेपर्यंत उठू नका.

मुलीने उरलेले हप्ते एकरकमी भरून जानेवारीत कुलूप काढून घेतलं. आता त्यावर नातीशी व्हिडिओ कॉल होतो, वायफायवर. नंबर मात्र मी जुन्या फोनमध्ये कार्डावरच ठेवलाय. तो फोन बंद पडला, तर कार्ड काढून शेजारच्या वहिनींच्या फोनमध्ये घालता येतं.