घरांतील यंत्रें : दारांतली जुनी मोटार

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांच्या मामंजींनीं १९७९ सालीं घेतलेली पद्मिनी मोटार वाड्याच्या मागल्या अंगणांत सहा वर्षें उभी आहे. मामंजी आतां हयात नाहींत. गाडी नजरेआड व्हावी असें सासूबाईंना वाटत नाहीं, दिरांचें म्हणणें, भंगारांत द्यावी, आणि कॉलेजांत शिकणारा चिरंजीव म्हणतो, "मी ती घरच्या घरीं चालूं करून दाखवितों." मुलाच्या हातीं पाने द्यावे कीं नाहीं, असा बाईंचा प्रश्न आहे. थोड्याफार फरकानें हा प्रश्न अनेक घरांत असल्यामुळें त्याचें उत्तर खासगी पत्रानें न देतां या सदरांतून देत आहें.

प्रथम ही गाडी काय आहे तें पाहूं. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईस कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांत इटलींतील फियाट कंपनीच्या परवान्यानें मोटारी तयार होऊं लागल्या. १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून विकल्या गेलेल्या गाडीसच पुढें १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' हें नांव मिळालें. पैसे भरून, नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी, तेव्हां ती दारीं येई. म्हणूनच ज्या घरीं ती आली तेथें ती नुसती गाडी राहिली नाहीं. घरांतील लग्नें, बाळंतपणें, देवदर्शनें तिच्या खात्यावर जमा झालीं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती साऱ्या देशास ठाऊक झाली. वयोमर्यादेच्या नियमामुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. खासगी गाड्या मात्र अद्याप जागोजाग जपलेल्या आढळतात.

घरगुती दुरुस्तीस ही गाडी सोयीची आहे यांत शंका नाहीं. १०८९ घनसेंटीमीटरचें, चार सिलिंडरांचें, पाण्यानें थंड राहणारें साधें इंजिन. बॉनेट उघडलें कीं बहुतेक भाग डोळ्यांसमोर येतात आणि हातही पोंचतो. आजच्या गाडीचा दोष दुसऱ्या यंत्रास विचारावा लागतो; या गाडीचा दोष डोळे, कान आणि नाक यांना कळतो. परंतु सोपें म्हणजे निरुपद्रवी नव्हे. म्हणून कामांचे तीन वर्ग करावे : कोणींही करावीं अशीं, शिकून करावीं अशीं, आणि जाणत्या मिस्त्रीवांचून करूंच नयेत अशीं. हे वर्ग ओळखणें हेंच या विद्येचें पहिलें अंग आहे.

रविवारची पाहणी

पहिल्या वर्गांतील कामें घरांतील कोणासही साधतात. पुरुषांनींच तीं केलीं पाहिजेत असें मुळींच नाहीं. आमच्या घरीं हें काम आज माझी पुतणी करते. शनिवारीं रात्रीं गाडीखालीं एक जुना पुठ्ठा अंथरावा व सकाळीं तो ओढून पाहावा. इंजिनाखालच्या जागीं काळसर डाग असेल तर तें इंजिनाचें तेल. थेंब-दोन थेंबांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पुढच्या बाजूस हिरवट किंवा गंजाच्या रंगाचें पाणी दिसल्यास रेडिएटर अथवा त्याची रबरी नळी गळत आहे. मात्र चाकाच्या आंतल्या बाजूस पातळ, बुळबुळीत ओल दिसली तर ती ब्रेकच्या द्रवाची समजावी आणि त्या दिवशीं गाडी फाटकाबाहेर काढूं नये.

नंतर गाडी सपाट जागीं व इंजिन थंड असतां तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हां घालून काढावी आणि तेल दोन खुणांच्या दरम्यान आहे ना तें पाहावें. पट्टीवरील तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें असावें. तशा स्थितींत इंजिन सुरू न करतां मिस्त्रीस बोलवावें. तेल ओतावयाच्या झांकणास आंतून थोडीशी साय धरणें ही गोष्ट वेगळी. गाडी थोडथोडी चालवून पुरती न तापवितां बंद केल्याचें तें बहुधा लक्षण असतें. यासाठींच गाडी उभ्याउभ्या पांच मिनिटें घुरघुरत ठेवण्यानें फारसा लाभ होत नाहीं. पंधरा दिवसांतून एकदां तरी ती पंधरावीस किलोमीटर चालवावी, म्हणजे तेल नीट तापून आंतील ओलावा निघून जातो.

रेडिएटरचें झांकण इंजिन गरम असतां कदापि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें. झांकण सैल होतांच तें उकळत उसळतें आणि तोंड-हात भाजतात. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवट भुकटी खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून धुवावी, पण तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. मग टोकें कोरडीं करून तारा आवळाव्या आणि वरून व्हॅसलीन चोळावें. तारा सोडवितांना उणे टोक आधीं सोडवावें व जोडतांना तें शेवटीं जोडावें, म्हणजे हातांतील पाना गाडीच्या पत्र्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. बॅटरींतून पेट घेणारा वायु निघतो. जवळ काडी, विडी कांहीं नसावें.

टायरांविषयीं एक गैरसमज फार आढळतो. जुनी गाडी थोडी चालते, त्यामुळें टायरची नक्षी नव्यासारखी राहते आणि मालक निश्चिंत असतो. पण रबर वयानेंही म्हातारें होतें. टायरच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. '३४२१' असेल तर तो टायर २०२१ सालच्या चौतिसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. बाजूस बारीक भेगा पडलेला टायर नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाकावा.

पावसाळ्यापूर्वीं दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं ठेवलेलीं भोकें बारीक तारेनें मोकळीं करावीं. तीं चिखलानें बुजलीं कीं पाणी आंत सांठतें आणि पत्रा आंतून कुजत बाहेर येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत पुष्कळसें काम झालेलें असतें. पायांखालचे गालिचे उचलून जमीन अंगठ्यानें दाबून पाहावी. वरवरचा गंज ताराच्या ब्रशानें खरवडून रेड ऑक्साइड व वर रंग लावणें घरीं जमतें. जेथें पत्रा दबतो तेथें मात्र जोडकाम करणाऱ्या कारागिराचीच गरज आहे.

ठिणगी आणि इंधन

दुसऱ्या वर्गांत प्लग, पॉइंट व इंधनाच्या नळ्या येतात. प्लग काढतांना एका वेळीं एकच तार सोडवावी. चारी एकदम सोडविल्या कीं १-३-४-२ हा ठिणगीचा क्रम चुकतो आणि चांगली गाडीही सुरू होत नाहीं. काढलेला प्लग म्हणजे सिलिंडरची जीभच समजा. त्याचें टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. तेलकट असेल तर सिलिंडरांत तेल चढत आहे. पांढरेंफटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन फाजील तापत आहे. पॉइंटमधील अंतर साधारणतः ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतें. तें डोळ्यांनीं न अजमावतां मापाच्या पातळ पट्टीनें पाहावें व आपल्या गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडा प्रमाण मानावा.

इंधनाच्या बाबतींत काळ बदलला आहे. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें आणि आतां तें सर्वत्र आहे. या गाड्या घडविल्या तेव्हां असें इंधन कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या व पडदे मऊ करतें किंवा चिरवितें, आणि हवेंतील पाणी ओढून घेतें. म्हणून इंधनाच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्याव्या, टाकींत तेंच पेट्रोल महिनोन् महिने ठेवूं नये, आणि पेट्रोलचा वास आला तर गळती सांपडेपर्यंत किल्ली फिरवूं नये.

ब्रेक

आतां तिसरा वर्ग. येथें मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. ती सांगण्यास सुखाची नाहीं.

२००४ सालच्या मे महिन्यांत आम्ही कोल्हापुराहून रत्नागिरीस निघणार होतों. तीर्थरूपांची पद्मिनी त्या वर्षीं प्रथमच माझ्या ताब्यांत आली होती आणि तिचें सर्व कांहीं मी घरीं करीत असे, याचा मला मोठा अभिमान होता. निघण्यापूर्वीं आठ दिवस ब्रेकच्या भांड्यांतील द्रव थोडा कमी दिसला. घरीं इंजिनाच्या तेलाचा डबा होता. तेल तें तेल, असा विचार करून मीं तेंच भांड्यांत ओतलें. गाडींत पुढें तीर्थरूप, मागें आई, वहिनी आणि दोन लहान मुलें अशीं सर्व होतीं.

मलकापूरपर्यंत गाडी जड चालली. माझी समजूत, सामानाचा भार असेल. वहिनी दोनदां म्हणाल्या, "भावोजी, कांहीं तरी जळल्यासारखा वास येतोय." मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. शेवटीं तीर्थरूपांनींच गाडी थांबवावयास लावली. उतरून चाकाजवळ हात नेला तों आंच लागली. ब्रेकचा ड्रम इतका तापला होता कीं हात ठेववेना. गाडी उतारावर सोडली तरी हलेना. तेथील एका वृद्ध मिस्त्रीनें भांड्याचें झांकण काढून वास घेतला, माझ्याकडे पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "पुढें घाट उतरणार होतां काय?"

आमच्यापुढें आंबा घाट होता.

काय झालें होतें तें मला मागाहून समजलें. ब्रेकचा द्रव खनिज तेल नव्हे. तो निराळ्याच जातीचा असतो आणि ब्रेकमधील रबरी वाट्या त्याच द्रवासाठीं बनविलेल्या असतात. खनिज तेल लागतांच त्या फुगतात. पायपट्टी सोडल्यावर द्रव परत जाण्यासाठीं मुख्य सिलिंडरांत एक बारीक छिद्र असतें. फुगलेली वाटी तें मोकळें होऊं देत नाहीं. मग ब्रेक लागलेलेच राहतात, चाकें तापतात आणि उष्णतेनें द्रव उकळूं लागला कीं त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाहीं. पायपट्टी थेट तळास जाते आणि गाडी थांबत नाहीं. जुन्या गाड्यांत बहुधा चारी चाकांस मिळून एकच नळी-मार्ग असतो. तो गेला कीं सर्वच गेलें. दुरुस्तीस चार दिवस लागले; सर्व नळ्या धुवाव्या लागल्या व एकूण एक रबर बदलावें लागलें. आम्ही बसनें कोल्हापुरास परत आलों. तीर्थरूप मला एक शब्दही बोलले नाहींत. तें मौन मला आजही आठवतें.

म्हणून ब्रेकविषयीं घरच्यांनीं एवढेंच करावें : द्रवाची पातळी पाहावी, सीलबंद बाटलींतील योग्य जातीचाच द्रव घालावा, आणि पातळी वारंवार उतरत असेल तर भर न घालतां गळती शोधवावी. हा द्रव हवेंतील ओल ओढतो, यासाठीं दोन वर्षांनीं तो मिस्त्रीकडून बदलून घ्यावा. ब्रेकचा ड्रम उघडला असेल तर आंतील भुकटी फुंकूं नये व कोरड्या ब्रशानें झाडूं नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ती धूळ फुप्फुसांस घातक आहे. ती ओल्या फडक्यानें टिपून फडकें पिशवींत बांधून टाकावें. मुलांस जवळ येऊं देऊं नये. तसेंच, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही, क्षणभरही, शिरूं नये. खालीं भक्कम लोखंडी घोड्या आणि चाकांस ठोकळे हवेतच.

बाईंस उत्तर

आपल्या चिरंजिवाच्या हातीं पाने अवश्य द्यावे. मात्र आरंभ इंजिनापासून नव्हे, ब्रेकपासून व्हावा, आणि तो मिस्त्रीच्या हातून. मुलानें शेजारीं बसून पाहावें. गाडी चालेल कीं नाहीं हा नंतरचा प्रश्न; ती थांबेल याची खात्री आधीं. त्यानंतर जुनें पेट्रोल काढून टाकावें, तेल बदलावें, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत चमचाभर तेल सोडावें आणि गाडी वरच्या गियरमध्यें ठेवून हळूंच ढकलून इंजिन मोकळें फिरतें ना तें पाहावें. मगच किल्ली फिरवावी. कागदपत्रेंही पाहावीं : खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षें पुरी झालेल्या गाडीस २०२१ च्या नियमांप्रमाणें 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते, पण ती नित्याच्या वापरासाठीं नसते.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितों. घरांत दर रविवारीं तासभर देणारें माणूस असेल तरच गाडी ठेवावी. मुलगा परगांवीं गेला आणि दुसरें कोणी पुढें आलें नाहीं, तर ती चालती आहे तोंच हौसेनें सांभाळणाऱ्या घरीं द्यावी. सासूबाईंना समजावून सांगा कीं, अंगणांत कुजत पडलेल्या गाडीपेक्षां रस्त्यावर धांवणारी गाडी मामंजींना अधिक आवडली असती. त्या नकोच म्हणाल्या, तर त्यांनाच रविवारीं त्या पुठ्ठ्यावरचे डाग पाहावयास बसवा. आमच्या आई शेवटच्या आजारापर्यंत तें काम करीत होत्या, आणि त्यांच्या नजरेंतून एकही थेंब सुटला नाहीं.