आजीच्या खोलीपर्यंत वायर

“आजकाल घरात वायर कोण ओढतं गं?” मैत्रिणी हसतात. मी ओढली. आमचं सासष्टीतलं घर जुनं, हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती. राउटर पुढच्या हॉलमध्ये, आजी मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. पप्पा बोटीवर. बंदराला लागले की व्हिडिओ कॉल करतात, आणि मोबाईल आजीसमोर धरला की नेमकं चित्र अडकतं. मोबाईल बाहेर नेता येतो, आजीला कसं नेणार?

दुकानदार म्हणाला, रिपीटर लावा. लावला. पण मूळ सिग्नलच लंगडा, तर रिपीटर तोच पुढे ढकलणार! त्यात ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीपुढे २.४ च्या आधी हात टेकतात. साधी कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग नेते. आम्हाला २२ मीटर पुरली. भिंतीला भोक पाडायला आजीची सक्त मनाई, म्हणून कौलांखालून, वाशांवरून नेली (उंदरांच्या भीतीने पाइपात घालून). टोकाला छोटा ॲक्सेस पॉइंट. म्हणजे शेवटचे चार हात वायफायच.

म्हणून ‘वायर की वायफाय’ हे भांडणच मला पटत नाही. फ्लॅटवाल्यांनी खुशाल एका राउटरवर भागवावं. आमच्यासारख्या घरांनी आधी भिंती बघाव्यात.

परवा पप्पांचा कॉल आला. आजीने आधी विचारलं, “दाढी कशाला वाढवलीस रे?”