विषाचे मोल आणि वऱ्हाडचा मजूर

पावसाळा लागला की अकोट परिसरात पऱ्हाटीच्या निंदणाबरोबर सर्पदंशाचे भयही शेतात उतरते. परंतु जे विष मजुराचा जीव घेते, तेच प्रयोगशाळेत औषधाचे मूळ ठरते. ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल निघाले. त्यास अमेरिकेत १९८१ साली मान्यता मिळाली. हृदयविकारात रक्ताची गुठळी रोखणारे टायरोफिबॅन १९९८ साली आले. त्याचा धागा फुरशाच्या विषातील एका प्रथिनात सापडला होता.

साप ब्राझीलचा, नफा मात्र अमेरिकी कंपनीचा. कापूस येथला आणि कापड मँचेस्टरचे, हा व्यवहार अनुभवलेल्या वऱ्हाडास यात नवल वाटू नये.

साध्या प्रतिविषाची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. त्यासाठी लागणारे बहुतेक विष तामिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. म्हणून तेथील विषावर बेतलेले प्रतिविष येथे तितकेच गुणकारी ठरेल, याची खात्री नाही.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. बळी बहुतांशी ग्रामीण व गरीब. गरज मोठी, पण क्रयशक्ती नाही. अशा ठिकाणी खासगी भांडवल फिरकत नाही. तेथे शासनानेच उतरावयाचे असते. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२४ साली जाहीर झाला. तो कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर विषसंकलन व संशोधनाची सोय विदर्भातच झाली पाहिजे. जोखीम ज्यांची, लाभातील पहिला वाटाही त्यांचाच, हाच न्याय होय.