ओलीला वाट द्या

कोकणात घराला रंग काढायचा तो गणपतीआधी, हा रिवाज पक्का. पण जुन्या जांभ्याच्या घरासाठी याहून वाईट वेळ नाही. श्रावणात भिंत पाणी पिऊन तट्ट झालेली असते. तिच्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की चतुर्थीला माजघर चकाचक दिसतं आणि दिवाळीपर्यंत पोपडे सुटायला लागतात. पुढच्या वर्षी आणखी जाड पुट्टी. शेवटी ‘जुनं घर, ओल असायचीच’ म्हणत चांगली घरं पाडली जातात. हे बघवत नाही, कारण बहुतेक वेळा दोष घराचा नसतोच.

राजापूरकडचं आमचं आजोळ जाडजूड जांभ्याच्या भिंतींचं. माजघराला मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा झालेला. मामांनी तो काढायला घेतला तेव्हा मी तिथेच होतो. बोटांनी ठोकलं की पोकळ आवाज यायचा आणि थापीचं टोक घातलं की हातभर तुकडा निघून यायचा. तुकड्याच्या पाठीवर कापसासारखी पांढरी लव. मागचा चिरा भर वैशाखात ओला, नखानं उकरता येईल इतका मऊ.

जांभा मुळात सच्छिद्र. जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं, साधारणपणे तीन-साडेतीन फुटांपर्यंत, आणि येताना क्षार घेऊन येतं. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ही ओल हवेत सोडून देतो. सिमेंटचा दाट थर ती कोंडून ठेवतो. वाट न मिळालेली ओल आणखी वर सरकते, क्षारांचे स्फटिक वाढत जातात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. भिंतीला लोणा लागतो तो असा.

मामांचा म्हातारा गवंडी भिंतीला हात लावायच्या आधी घराभोवती फिरून आला. म्हणाला, “आधी पाणी कुठनं येतंय ते बघूया, थापी मागनं उचलू.” खळ्यावर थरावर थर चढून जमीन जोत्याच्या वर आली होती, पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी उडत होतं. त्यानं भिंतीलगत चर खणून घेतला, तो उताराला काढून दिला आणि गळका पन्हळ बदलायला लावला. माझ्या मते निम्मी दुरुस्ती तिथेच झाली. ओल कमरेपर्यंत सरळ पट्ट्यात असेल तर ती जमिनीची. खिडकीखाली किंवा वाशाच्या टोकाशी डाग असेल तर पावसाची. आणि शंका राहिलीच तर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी भिंतीला घट्ट चिकटवून दोन-तीन दिवस ठेवावं. थेंब खोलीच्या बाजूला धरले तर ती हवेतली ओल, मागच्या बाजूला धरले तर भिंतीतली.

मग वाळवण, आणि इथेच सगळे घाई करतात. जाड भिंत महिन्याला इंचभर वाळते असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दीड फुटी भिंतीला वर्ष-दीड वर्ष. तेवढं थांबणं कुणालाच जमत नाही, पण निदान एक अख्खा उन्हाळा तरी भिंत उघडी ठेवावी. वर आलेले क्षार कोरड्या ब्रशनं झाडून घराबाहेर टाकावेत. पाण्यानं धुतले तर ते विरघळून परत आत जातात. काढलेला गिलावाही पुन्हा वापरू नये, त्यात क्षार मुरलेले असतात. किनाऱ्याची वाळू तर मुळीच नको. ती फुकट मिळते, पण मीठ आपण होऊन भिंतीत भरल्यासारखं होतं.

नवा गिलावा भिजवून मुरवलेल्या चुन्याचा. एक भाग चुना, तीन भाग नदीची धुतलेली वाळू, पातळ थरांत, प्रत्येक थराला आवळायला वेळ देऊन. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो; त्याला घाई चालत नाही. हातमोजे घालावेत, डोळे सांभाळावेत, चुना भाजतो. वरून रंगाऐवजी चुन्याची सफेदी. तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही आणि भिंतीचा श्वासही मोकळा राहतो. आतल्या बाजूनं ‘वॉटरप्रूफ’ लेप मारून घेण्याचा सल्ला हमखास मिळेल. तो घेऊ नका. पाणी भिंतीत तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं.

मातीच्या गिलाव्याला कमी लेखणाऱ्यांनी वेरूळची लेणी आठवावीत. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. तो गिलावा कित्येक शतकं टिकला आहे. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळात १८२४ चं.

खरी अडचण माणसांची आहे. मामांच्या पंचक्रोशीत चुन्याचं काम येणारा तो एकच गवंडी उरलाय, आणि त्याचा मुलगा टाइल्स बसवतो. मुलाला दोष कसा द्यायचा? त्या कामाला मागणी आहे, मजुरीही रोख मिळते. तेव्हा मामांनी यंदा परसदारची भिंतही काढायचं ठरवलंय, आणि बापाबरोबर मुलालाही पूर्ण मजुरीवर बोलावलंय.