लेंडीचे पाणी कोणी अडवले? परराज्याने नव्हे, रखडलेल्या पुनर्वसनाने!

देगलूर : उदगीरकडून येणारी लेंडी नदी मुखेड, देगलूर तालुक्यांतून वाहत पुढे मांजरेला मिळते. या नदीवर मुखेड तालुक्यातील गोणेगाव येथे १९८६ मध्ये धरणाचे काम सुरू झाले. त्या वर्षी जन्मलेले मूल आज चाळिशीला आले आहे. शेतात कालव्याचे पाणी मात्र अजून आलेले नाही. असे का झाले?

प्रकल्प नेमका काय?

लेंडी हा महाराष्ट्र आणि तेलंगणा (पूर्वीचे आंध्र प्रदेश) यांचा संयुक्त प्रकल्प आहे. एकूण ६.३६ टीएमसी पाण्यापैकी महाराष्ट्राचा वाटा ३.९३ आणि तेलंगणाचा २.४३ टीएमसी. खर्चही साधारण ६२:३८ याच प्रमाणात वाटून घ्यायचा. मुखेड-देगलूरची जमीन भिजावी, पलीकडे तेलंगणातील गावांनाही पाणी मिळावे, असा हा हिशेब. मूळ अंदाज शंभर कोटींच्या आतला होता. आता आकडा दोन हजार कोटींच्या पुढे गेला आहे.

शेजारच्या राज्याने अडवले का?

नाही. आंतरराज्य वाद म्हणजे काय, हे नांदेडला बाभळीने शिकवले. धर्माबाद तालुक्यातील गोदावरीवरचा हा अवघा २.७४ टीएमसीचा बंधारा. आंध्र प्रदेशने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू यांनी आंदोलन केले आणि त्यांना धर्माबादमध्ये अटक झाली. अखेर २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे आणि देखरेखीला त्रिसदस्यीय समिती, असे ठरले. पावसाळ्यातले पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते, ही शेतकऱ्यांची तक्रार कायम आहे. तरी प्रश्न निदान कॅलेंडरवर आला.

लेंडीत असे भांडणच नव्हते. वाटा आधीच ठरला होता. तरीही भांडणातले बाभळी उभे राहिले आणि बिनभांडणाचे लेंडी रखडले.

मग अडले कुठे?

बुडित क्षेत्रातील गावांत. मुक्रमाबादसह बारा गावांचा प्रश्न होता. मावेजा, भूखंड, नव्या गावठाणातील रस्ते, पाणी, शाळा या मागण्या वर्षानुवर्षे लोंबकळत राहिल्या. अखेर प्रकल्पग्रस्तांनी २०११ पासून काम बंद पाडले. त्यांना विकासविरोधी म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे घर पाण्याखाली जाणार, त्याने नवे घर आधी मागणे यात गैर काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये काय झाले?

काम पुन्हा सुरू झाले आणि धरणाची घळभरणी झाली. पण त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, १७-१८ ऑगस्टच्या रात्री अतिवृष्टी झाली. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले. हसनाळमध्ये माणसे दगावली, जनावरे गेली, मदतीला लष्कर बोलवावे लागले. पाऊस अफाट होता, हे खरेच. पण घळ भरली तेव्हा गावे रिकामी झालेली नव्हती, हेही तितकेच खरे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात सिंचन प्रकल्पांसाठी स्पष्ट तरतूद आहे : जमीन पाण्याखाली जाण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण हवे. जुन्या संपादनाला ती लागू होते की नाही, यावर वकील वाद घालतील. तिच्यामागचे शहाणपण मात्र वादातीत आहे.

देगलूरकरांनी काय मागावे?

देगलूर शहराची भिस्त करडखेड प्रकल्पावर आहे. पन्नास-पंचावन्न हजार लोकवस्तीला माणशी रोज १३५ लिटर धरले, तर वर्षाला टीएमसीच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी पाणी लागते. महाराष्ट्राच्या ३.९३ टीएमसीपुढे हे काहीच नाही. पण पिण्याचे आरक्षण मंजूर करून घ्यावे लागते. पुढे जलवाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र आणि जलकुंभ यांचा आराखडा हवा. धरण भरल्यावर त्यासाठी धावाधाव केली, तर आणखी काही उन्हाळे टँकरवर जातील.

म्हणून मागण्या तीनच. शेवटचे कुटुंब नव्या गावठाणात गेल्याशिवाय पाणी साठवू नये. देगलूर, मुखेड आणि परिसरातील गावांचे पिण्याचे आरक्षण आताच ठरवावे. आणि पाणी सोडण्याची, पुराची सूचना वरच्या-खालच्या दोन्ही गावांना वेळेत मिळावी.

देगलूरच्या नळाला पाणी हवेच. पण हसनाळच्या घरात शिरलेले पाणी विसरून ते आणता येणार नाही. चाळीस वर्षांत सगळ्या मंजुऱ्या मिळवल्या, फक्त गावकऱ्यांचा विश्वास मिळवायचा राहिला. आता सुरुवात तिथूनच करावी लागेल.