पाकीट हरवलं, आधार नाही

मंडईत भाजीचे पैसे द्यायला खिशात हात घातला आणि पाकीट गायब! गणपतीच्या गर्दीत तर हे हमखास. पैसे गेले ते गेले. 'आता आधार नव्याने काढावं लागणार' ही धास्ती मात्र सोडा. हरवला तो छापील कागद. बारा अंकी क्रमांक, ठसे, फोटो सगळं यूआयडीएआयकडे आहेच.

त्यांच्या संकेतस्थळावर नाव आणि नोंदवलेला मोबाइल नंबर टाका, ओटीपीने विसरलेला क्रमांक मिळतो. मग ई-आधार मोफत उतरवून घ्या. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. ते छापील आधारइतकंच ग्राह्य आहे. पीव्हीसी कार्ड हवं असेल तर तिथेच शुल्क भरा, स्पीड पोस्टाने घरी येईल. झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेऊ नका, असं यूआयडीएआयने जानेवारी २०२२ मध्येच बजावलंय.

खरी गोम मोबाइल नंबरची. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. त्या सुरुवातीच्या वर्षांत अनेकांनी नंबर दिलाच नाही, काहींनी पुढे सिम बदललं. ओटीपी जाणार कुठे? माणसाचा नंबर जन्मभर तोच राहतो, हे गृहीतकच चुकीचं आहे. अशांना आधार केंद्रावर जाऊन नंबर जोडता येतो. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेल्या भाजीवाल्या मावशींना 'ठसे जुळत नाहीत' म्हणून परत पाठवलं, तर बुबुळांचं स्कॅन करायला सांगा. अडलंच तर १९४७ वर फोन करा.