गणित मुख्य की गौण?

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांत दरवर्षी एक खल सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला गणितात चांगली गती आहे, हे घरात सर्वांनाच मान्य असते; आणि नेमक्या त्याच कारणासाठी गणित सोडून दुसरे काहीतरी घ्यावे, असा निर्णयही एकमताने होतो! ज्याचे गणित उत्तम त्याने इंजिनिअर व्हावे, ज्याचे बरे त्याने हिशेबतपासनीस व्हावे, आणि ज्याला कोठेच प्रवेश मिळाला नाही त्याने गणित घेऊन बी.एस्सी. करावे, अशी आमच्या समाजाची रूढ उतरंड आहे. ही उतरंड मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यासाठी एक दार किलकिले केले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा दिला, त्यात एक विषय मुख्य व दुसरा गौण, महाविद्यालयांच्या भाषेत ‘मेजर’ व ‘मायनर’, अशी योजना आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक. त्यांतील किमान ६० मुख्य विषयाचे आणि २४ गौण विषयाचे. चार वर्षांच्या १६० श्रेयांकी पदवीत हेच आकडे ८० आणि ३२ होतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे १५ तास. तेव्हा तीन वर्षांत गौण विषयालाही ३६० तास मिळू शकतात. ही पुंजी थोडीथोडकी नव्हे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेवढ्यात कलनशास्त्र आणि संभाव्यता आत्मसात करता येईल. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा आज एवढा गवगवा आहे, तिच्या पोटात रेषीय बीजगणितच दडलेले आहे. ते संगणकाच्या विद्यार्थ्याला मुळापासून शिकता येईल. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तर्कशास्त्राचे गणिती रूप पाहता येईल.

मग गणित मुख्य विषय म्हणून कोणी घ्यावे? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांच्या कामगिरीतून देता येते. देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर; पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, हा त्यांचा शोध जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. आता शून्याने सुरू होणाऱ्या धरून अशा संख्या एकंदर ९,९९०. संगणक त्या सर्व क्षणार्धात तपासून ‘होय, खरे आहे’ असे सांगेल. पण जो गणिती आहे तो विचारील, ‘का?’ आणि मग त्याच्या ध्यानात येईल की पहिली वजाबाकी केवळ दोन गोष्टींवर अवलंबून आहे: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक. अशा जोड्या होतात अवघ्या ५४. ९,९९० चे ५४ करणे, हीच गणिताची खरी विद्या. ज्याला उत्तर मिळाल्यानंतरही ‘का’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याने गणित मुख्य विषय म्हणून घ्यावे. ज्याचे मन दुसऱ्या शास्त्रात रमले आहे, त्याने ते गौण म्हणून घ्यावे. पण घ्यावे मात्र खचित.

‘पुढे पोट कसे भरायचे?’ ही पालकांची शंका अनाठायी नाही. गाइडे पाठ करून मिळवलेल्या गणिताच्या पदवीला बाजारात किंमत नाही, आणि नसावीही. परंतु खरोखर शिकलेल्या गणिताला संख्याशास्त्र, विमागणित, संगणकशास्त्र, अध्यापन, संशोधन अशी अनेक दारे खुली आहेत. गणिताकडून इतर शास्त्रांकडे जाणारी वाट उताराची आहे. उलट वाट मात्र चढणीची. लोकमान्य टिळकांनी १८७७ साली डेक्कन कॉलेजातून गणित घेऊनच पदवी मिळवली, आणि नंतर ते कायद्याकडे वळले. १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे परत येऊन फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत राहिले. ज्या समाजाने ‘रँग्लर’ ही पदवी नावाआधी आदराने लावली, त्याच समाजाला आज गणिताची पदवी ओशाळवाणी वाटावी, हे दैव नव्हे. ही आमची करणी आहे.

अर्थात केवळ पालकांना दोष देऊन भागणार नाही. कागदावर निवडीचे स्वातंत्र्य आणि वेळापत्रकात मात्र एकच पर्याय, अशी स्थिती असेल तर ‘गौण विषय’ हा शब्द शब्दशः खरा ठरेल. शिकविणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेला, पुढच्या सत्रात तो असेल की नाही याची त्यालाच खात्री नाही. अशा अवस्थेत ३६० तासांची पुंजी उधळली जाईल. म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. कोणते गौण विषय खरोखर शिकविले जातील आणि कोण शिकविणार, हे महाविद्यालयांनी प्रवेशापूर्वी जाहीर करावे. गौण गणित म्हणजे मुख्य अभ्यासक्रमातील उरलेसुरले तुकडे नव्हेत. त्याची स्वतंत्र, सलग आखणी विद्यापीठांनी करावी. आणि शासनाने गणिताच्या रिक्त जागा कायम स्वरूपात भराव्यात.

गणित मुख्य असो वा गौण, तो विद्यार्थ्याच्या निवडीचा प्रश्न आहे. परंतु ते शिकविण्याचे काम गौण मानण्याचा अधिकार कोणालाच नाही. दार किलकिले झाले आहे. ते पुरते उघडायचे की पुन्हा लोटून घ्यायचे, याचा निर्णय शासनाने, विद्यापीठांनी आणि सुज्ञ पालकांनी आताच करावयाचा आहे.